जुन्या अॅम्बॅसिडरला इसुझू १८०० बसवताना

मार्क २ किंवा मार्क ३ अॅम्बॅसिडर दारात उभी आहे, पत्रा ठणठणीत आहे, पण १४८९ सीसीचं जुनं इंजिन घाटात दुसऱ्या गेअरवर धापा टाकतं आणि हायवेला शेजारच्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं. या गाडीत कुठलं इंजिन घालावं यावर दहा गॅरेजं दहा सल्ले देतील. पहिल्यांदाच हे काम हातात घेणाऱ्याने ते सगळे ऐकून घ्यावेत आणि इसुझूचं १८१७ सीसी पेट्रोल इंजिन शोधायला लागावं. हिंदुस्तान मोटर्सने १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला हेच इंजिन पाच गेअरच्या बॉक्ससकट याच बॉडीत बसवून विकलं, त्यामुळे माउंटिंग, रेडिएटर, गेअरबॉक्सखालचा क्रॉसमेंबर (आडवा आधार) असं सगळं कंपनीनेच आधी जुळवून ठेवलंय. दुसरं कुठलंही इंजिन घेतलंत तर हे सगळं तुम्हाला लेथवर आणि वेल्डरकडे जन्माला घालावं लागेल.

जुनं बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) इंजिन ७३ मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि ८८.९ मिमी स्ट्रोकचं (पिस्टनची धाव), पुशरॉडवर व्हॉल्व्ह चालवणारं. लांब स्ट्रोकमुळे ते खालच्या फेऱ्यांत ओढतं, पण पळवलं की थरथरतं. इसुझू ८४ बाय ८२, कॅम हेडमध्ये. ताकद साधारण पन्नासावरून पंचाहत्तर बीएचपीवर जाते. आकडा फार मोठा वाटत नाही, पण फरक पाचव्या गेअरमध्ये कळतो.

आधी कागद

पान्याला हात लावायच्या आधी आरटीओत जाऊन या. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२नुसार उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलापेक्षा आरसी बुकातली माहिती वेगळी होईल असा बदल गाडीत चालत नाही. वेगळ्या जातीचं इंजिन बसवायचं तर आधी परवानगी लागते, आणि बदल झाल्यावर १४ दिवसांच्या आत नोंद करावी लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१९च्या निकालानंतर अधिकारी याबाबत जास्तच काटेकोर झाले आहेत. अर्जात हा मुद्दा ठळक मांडा की हे इंजिन त्याच उत्पादकाने त्याच मॉडेलमध्ये कारखान्यात बसवलेलं आहे. तरीही परवानगी मिळेलच असं नाही. नकार आला तर जुनं १४८९ नीट बोअर करून घ्या आणि समाधान माना. आरसीवर एक नंबर आणि बॉनेटखाली दुसरा अशी गाडी अपघातानंतर विमा कंपनीसमोर उभी करता येत नाही.

गाडी पन्नास वर्षांपुढची असेल तर आणखी एक हिशोब करायचा. जुलै २०२१च्या नियमांनुसार अशा गाडीची व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी होते, व्हीए अक्षरांचा नंबर मिळतो, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये आहे. पण अट अशी की चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा. इंजिन बदललंत की ही वाट बंद. दुसऱ्या बाजूने, व्हिंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापराला चालत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढंच. तेव्हा गाडी मिरवायची आहे की चालवायची, हे घरात बसून आधी ठरवा.

डोनर गाडी : अख्खी घ्या

डोनर म्हणजे जिच्यातून इंजिन आणि सुटे भाग काढायचे ती गाडी. नवखे लोक इथे पैसे वाचवायला जातात आणि इथेच बुडतात. भंगारात नुसतं इंजिन स्वस्त मिळतं. मग गेअरबॉक्स दुसऱ्याकडून, क्लचची जोडणी तिसऱ्याकडून, माउंटिंगचा एक ब्रॅकेट तर कुठेच नाही, आणि गाडी सहा महिने विटांवर उभी. शक्य असेल तर बॉडी सडलेली, पण चालू स्थितीतली १८०० अॅम्बॅसिडर अख्खी घ्या. इंजिन चालू करून ऐकता येतं, आणि प्रत्येक फुटकळ तुकडा कुठे बसतो ते डोळ्यांसमोर राहतं. काम संपेपर्यंत डोनर हलवू नका. वायर कुठून कशी गेली होती हे कुठल्याही पुस्तकापेक्षा ती चांगलं सांगते.

डोनरवरून उतरवायच्या वस्तू : इंजिन, बेलहौसिंग (इंजिन आणि गेअरबॉक्स यांच्यामधलं क्लचचं कवच), गेअरबॉक्स, पुढची-मागची माउंटिंग ब्रॅकेटसकट, गेअरबॉक्सखालचा क्रॉसमेंबर, क्लचची पेडलपासून रिलीज बेअरिंगपर्यंतची सगळी जोडणी, प्रोपेलर शाफ्ट, रेडिएटर आणि त्याचे होज, सेल्फ, अल्टरनेटर, अॅक्सिलरेटर आणि चोक केबल, मीटरची केबल, एक्झॉस्टचा पुढचा पाइप, एअर क्लीनर. शिवाय पुढचे डिस्क ब्रेक, मास्टर सिलिंडर आणि बूस्टर असतील तर तेही.

अख्खी गाडी मिळत नसेल तर कुर्ल्याचा सीएसटी रोड, पुण्याचा जुना बाजार, आणि महाराष्ट्राबाहेर कोलकात्याचा मल्लिक बाजार. ही गाडी उत्तरपाड्याला बनायची, त्यामुळे बंगालात माल अजून निघतो. कॉन्टेसातही १८१७चं इंजिन होतं, पण माउंटिंग आणि ऑइल संप (इंजिनाखालचं तेलाचं भांडं) आपल्या गाडीवर लावून बघितल्याशिवाय ते घेऊ नका.

इंजिनासोबत विकणाऱ्याची पावती आणि डोनरच्या आरसीची प्रत हवीच. ब्लॉकवरचा नंबर ब्रशने घासून स्वच्छ करा, फोटो काढा, कागद ठेवून पेन्सिलची छाप घ्या. नंबर घासलेला किंवा पुन्हा ठोकलेला दिसला तर इंजिन कितीही चांगलं असो, तिथून निघा. चोरीच्या गाडीचं नाही ना, हे एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग) वाहन समन्वय पोर्टलवर तपासता येतं.

कार्ब्युरेटरचं घ्यावं की नंतरचं एमपीएफआय (इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शन)? पहिल्या कामाला कार्ब्युरेटर. एमपीएफआय घेतलंत तर ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), त्याचं सगळं हार्नेस (वायरींचा जुडगा), टाकीत इलेक्ट्रिक पंप आणि परतीची पेट्रोल लाइन, एवढं जास्तीचं अंगावर येतं, आणि एक सेन्सर रुसला की गाडी ढिम्म.

इंजिन बाहेर असतानाच

गाडीत घातल्यावर ज्याला हात पोचत नाही ते सगळं आत्ताच बदला : पाणी अडवणारे ब्लॉकचे पत्र्याचे प्लग, मागचं क्रँक ऑइल सील, पायलट बेअरिंग, क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, वॉटर पंप. कॉम्प्रेशन मोजा, चार सिलिंडरमध्ये दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. फरक असेल तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंगा गेल्यात, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह. मशीनशॉपचं काम निघालं तर गावातल्या लेथवाल्यावर भागवू नका. कोल्हापूरच्या उद्यमनगरसारख्या ठिकाणी, जिथे रोज ब्लॉक बोअर होतात, तिथे पाठवा.

एक सवय आत्ताच लावून घ्या. बीएमसीचे नटबोल्ट इंचाचे, इसुझूचे मिलिमीटरचे. तीन-अष्टमांश इंचाचा बोल्ट ९.५ मिमीचा असतो. त्याच्या भोकात एम १० (१० मिमीचा बोल्ट) जोरात फिरवला की तो दोन आटे जातो आणि तिसऱ्याला सगळे आटे घेऊन बाहेर येतो. दोन वेगळे डबे, दोन वेगळे पान्यांचे संच. बोल्ट हाताने तीन आटे फिरत नसेल तर तो त्या भोकाचा नाही.

ब्रेक आधी

इंजिन हे शेवटचं काम, ब्रेक पहिलं. जुन्या गाडीला चारही चाकांना ड्रम आणि एकच सर्किट असेल तर एक पाइप फुटल्यावर चारही चाकांचे ब्रेक जातात. ताकद वाढवणार असाल तर डोनरचे पुढचे डिस्क, दोन सर्किटचा मास्टर सिलिंडर आणि बूस्टर बसवा. बूस्टरची व्हॅक्युम नळी मॅनिफोल्डला, मध्ये वनवे व्हॉल्व्ह, आणि तो कुठल्या दिशेने बसतो ते बघून. तीनही रबरी होज नवे. हवा काढताना मास्टरपासून सगळ्यात लांबचं चाक पहिलं.

मोजमाप आणि उतरवणं

गाडी सपाट जमिनीवर, टायरमध्ये नेहमीची हवा. चारही चाकांच्या हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजून लिहून ठेवा. पुढचं सस्पेन्शन टॉर्शन बारवर आहे. नव्या इंजिनाच्या वजनाने नाक खाली-वर झालं तर याच आकड्यांवर बार परत लावायचा. हे आकडे नसतील तर नंतर नुसता अंदाज.

मागच्या अॅक्सलचं रेशोही आत्ताच मोजा. पुढच्या चाकांखाली लाकडी ठोकळे अडकवा, मागचं एकच चाक उचलून खाली घोडी द्या, गेअर न्यूट्रल, हँडब्रेक सैल. उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरवा आणि प्रोपेलर शाफ्टवर खडूची रेघ मारून त्याचे फेरे मोजा. साडेचारच्या किंचित पुढे आले तर ४.५५, पाचाला जरा कमी पडले तर ४.८७५. मूळच्या टायरवर चाकाचा एक फेरा २.०५ मीटर धरला तर ताशी ८० किमीला ४.८७५चं अॅक्सल डायरेक्ट (चौथ्या) गेअरमध्ये इंजिन ३,१७०वर फिरवतं. पाचवा गेअर ०.८५च्या आसपास धरला तर तेच २,७००वर येतं. म्हणजे अॅक्सल बदलायची घाई नको, आधी चालवून बघा.

आता बॅटरी काढा, पेट्रोल टाकी रिकामी करून उतरवा (वेल्डिंग व्हायचंय), पाणी आणि ऑइल सोडा, बॉनेट आणि रेडिएटर काढा. प्रत्येक वायर सोडण्याआधी कागदी चिकटपट्टीवर नाव आणि फोटो. एक टनाचा चेनब्लॉक लोखंडी गर्डरला टांगा. पत्र्याच्या शेडच्या पाइपला टांगलेलं इंजिन शेडसकट खाली येतं. इंजिन-गेअरबॉक्स एकत्रच, मागची बाजू खाली झुकवून काढा. स्टिअरिंगवरच्या गेअरचे सगळे दांडे आता निघतील. ते फेकू नका.

कोरडी जोडणी

खरं काम हे, आणि याला दोन-तीन रविवार लागले तरी हरकत नाही. इंजिन आणि गेअरबॉक्स जोडून, पण सेल्फ, अल्टरनेटर, मॅनिफोल्ड न लावता आत सोडा. मूळ माउंटिंगची जागा आणि डोनरच्या ब्रॅकेटची भोकं जुळतात का बघा. जुन्या गाडीत एखादा ब्रॅकेट नसेल तर डोनरवरून टाके सोडवून तोच उचला. ही बॉडी मोनोकॉक आहे, खाली वेगळं चेसिस नाही. पातळ पत्र्यावर नुसता ब्रॅकेट वेल्ड केला की वर्षभरात पत्रा फाटून तो लोंबकळतो. आधी ३ मिमी जाडीची प्लेट, ब्रॅकेटपेक्षा चारी बाजूंनी ४० मिमी मोठी, कडेने टाके आणि मध्ये १० मिमीची भोकं पाडून त्यात वेल्ड भरलेली. त्यावर ब्रॅकेट. बोल्ट ८.८ ग्रेडचे.

पूर्ण वेल्डिंग आधी करू नका. चार ठिकाणी टाका मारा आणि मग ही अंतरं तपासा : संप आणि क्रॉसमेंबर यांच्यात किमान १५ मिमी, पंखा आणि रेडिएटर यांच्यात २० ते २५ मिमी, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून कुठे काही घासत नाही ना. बॉनेटखालची जागा मोजायला घरातली कणीक चांगली. लिंबाएवढे तीन-चार गोळे एअर क्लीनरवर आणि हेडच्या झाकणावर ठेवा, वर प्लॅस्टिकचा कागद, बॉनेट हलक्या हाताने दाबून बंद करा, उघडा. चपट्या गोळ्यात काडी खुपसून जाडी बघा. २० मिमीपेक्षा कमी निघाली तर एअर क्लीनर बदला, कारण गाडी खेचताना इंजिन रबरावर उचललं जातं आणि मग बॉनेटला आतून ठोके बसतात.

गेअरबॉक्सच्या शेपटीकडचा कोन हा सगळ्यात जास्त दुर्लक्षिला जाणारा मुद्दा. मोबाइलमधलं कोन मोजायचं अॅप गेअरबॉक्सच्या मागच्या सपाट भागावर ठेवा, मग डिफच्या (मागच्या अॅक्सलमधल्या डिफरन्शियलच्या) पुढच्या फ्लँजवर. दोन्ही रेषा एकमेकींना समांतर हव्यात, एक अंशापेक्षा जास्त फरक नको. आणि हे गाडी स्वतःच्या चाकांवर उभी असताना, जॅकवर नव्हे. फरक राहिला तर साठ-सत्तरच्या वेगाला पायाखाली गुणगुण सुरू होते, लोक प्रोपेलर शाफ्ट तीनदा बॅलन्स करून आणतात, शाफ्टच्या सांध्यातले क्रॉस बदलतात, आणि दोष असतो क्रॉसमेंबरखालच्या ६ मिमीच्या पॅकिंगमध्ये.

डोनरचा शाफ्ट लांबीला बसला तर उत्तम. कमी-जास्त करायचा झाला तर गाडी चाकांवर असताना पुढचा सरकता तुकडा बॉक्समध्ये पूर्ण ढकलून २० ते २५ मिमी बाहेर राहील अशी लांबी घ्या. तेवढी मोकळीक नसेल तर खड्ड्यात अॅक्सल वर आला की शाफ्ट थेट गेअरबॉक्सवर आदळतो. कापाकापी आणि बॅलन्सिंग शाफ्टवाल्याकडेच.

टनेलला (गेअरबॉक्सवरच्या पत्र्याच्या उंचवट्याला) गेअरच्या दांड्यासाठी भोक पाडताना आधी लहान पाडा. बाकासारखी लांब सीट असेल तर तिसऱ्या आणि पाचव्या गेअरला मूठ कुठे येते ते सीटवर बसून बघा. भोकाच्या कडेला पत्र्याची चौकट आणि रबरी बूट, नाहीतर पावसाळ्यात चिखल थेट मांडीवर.

सगळं जुळलं की इंजिन परत बाहेर काढा. हो, परत. मगच पक्कं वेल्डिंग, रेड ऑक्साइड, रंग.

वायरिंग

जुन्या गाडीत डायनामो आणि पॉझिटिव्ह अर्थ (बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला) असेल तर दोन्ही बदलतील. बॅटरीची टोकं उलट जोडली जातील, अँपिअर मीटरच्या वायरी अदलाबदल होतील, रेडिओ काढून ठेवा. डायनामोच्या कट-आउटचा डबा दिखाऊ म्हणून राहू द्या, आतलं काढून घ्या. अल्टरनेटरला जाग आणणारी वायर डॅशबोर्डवरच्या चार्जिंगच्या लाल दिव्यातून जाते. कुणी हौसेने तिथे एलईडी लावला असेल तर पुरेसा करंट जात नाही आणि बॅटरी रोज सकाळी बसते. तिथे साधा बल्बच. चार्जिंग १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसलं पाहिजे.

अर्थची पट्टी विसरण्याचा प्रकार जवळपास प्रत्येक पहिल्या कामात होतो. इंजिन रबरावर बसलेलं, त्यामुळे बॉडीशी त्याचा लोखंडी संबंध नाही. सेल्फ मारला की शेकडो अँपिअर करंट परतीची वाट शोधतो, आणि त्याला सापडते ती अॅक्सिलरेटरची किंवा चोकची केबल. केबल लाल होते, आतलं प्लॅस्टिक वितळतं, अॅक्सिलरेटर जिथल्या तिथे अडकतो. धूर वायरिंगमधून येतोय असं वाटतं, पण वायरिंग शाबूत असतं. बॅटरीपासून बॉडीला एक आणि बॉडीपासून गेअरबॉक्सच्या बोल्टला एक, अशा २५ चौरस मिमीच्या दोन पट्ट्या, खालचा रंग खरवडून.

तापमान आणि ऑइलचा काटा जुन्याच मीटरवर हवा असेल तर सेन्सरही जुनाच ठेवा आणि लेथवर पितळी बुश वळवून घ्या. जुन्या मीटरला इसुझूचा सेन्सर जोडला तर काटा काहीही सांगतो, आणि नेमका गरम झाल्यावर खोटं सांगतो.

पाणी, पेट्रोल, धूर

डोनरचा रेडिएटर बसत असेल तर तोच. जुनाच ठेवायचा हट्ट असेल तर कोअर नवा भरून प्रेशर टेस्ट करून घ्या. नव्या झाकणाचा दाब जास्त असतो आणि जुन्या टाकीचे झाळ उघडतात. हेड अॅल्युमिनियमचं, ब्लॉक बिडाचा, तेव्हा नळाचं पाणी नको. एक भाग कूलंट, दोन भाग डिस्टिल्ड पाणी.

आताचं पेट्रोल वीस टक्के इथेनॉलचं. जुन्या रबरी नळ्या त्यात फुगतात आणि टाकीतला वर्षांनुवर्षांचा गंज सुटून कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये जातो. टाकी धुऊन घ्या, सगळ्या नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या, आणि पंपाच्या आधी पारदर्शक फिल्टर, म्हणजे किती घाण येते ते दिसेल. एक्झॉस्ट पाइप पेट्रोल लाइनपासून किमान ५० मिमी लांब.

पहिला सेल्फ

स्पार्क प्लग काढा, कॉइलची वायर सोडा, २०डब्ल्यू-५० ऑइल डिपस्टिकच्या वरच्या खुणेपर्यंत भरा, आणि ऑइलचा काटा हलेपर्यंत दहा-दहा सेकंद सेल्फ मारा. मध्ये सेल्फला थंड होऊ द्या. मग प्लग लावा, कॉइलची वायर जोडा, फायरिंगचा क्रम १-३-४-२. शेजारी आग विझवायचा सिलिंडर आणि एक माणूस, ज्याचं काम फक्त खाली वाकून बघणं. इंजिन सुरू झालं आणि पाच सेकंदांत ऑइलचा दाब आला नाही तर बंद. थर्मोस्टॅट उघडून रेडिएटर वरून गरम होईपर्यंत चालू ठेवा, पाणी परत भरा, टायमिंग लाइटने इग्निशनचं टायमिंग लावा.

पहिले १० किमी घराच्या आसपास, टूलबॉक्स घेऊन. परत आल्यावर माउंटिंग, शाफ्टचे बोल्ट, एक्झॉस्ट फ्लँज पुन्हा आवळा. हेच १०० किमीला, आणि ५०० किमीला ऑइल-फिल्टर बदला. स्पीडोमीटर मोबाइलच्या जीपीएसशी ताडून बघा. केबल बसली म्हणजे आकडा खरा असं नाही. हबपासून मडगार्डपर्यंतची अंतरं परत मोजा आणि टॉर्शन बार लावून मग व्हील अलाइनमेंट. चौदा दिवसांच्या आत आरटीओत तपासणी आणि आरसीवर नवा इंजिन नंबर, नंतर तीच आरसी विमा कंपनीकडे आणि नवं पीयूसी.

जुन्या इंजिनाच्या चारही सिलिंडरमध्ये अर्धी वाटी ऑइल टाका, क्रँक हाताने दोन फेरे फिरवा, प्लग परत लावा, मॅनिफोल्डची तोंडं लाकडी फळीने बंद करा. गेअरचे दांडे, जुने माउंटिंग आणि कट-आउटचं आतलं सामान एका पोत्यात घालून, गाडीचा नंबर लिहिलेली पत्र्याची पट्टी तारेने बांधून, त्याच इंजिनाशेजारी जमिनीपासून वर ठेवा.